टेक्सासचा ट्रेलर, मेनची नंबरप्लेट

अमेरिकन हायवेचे फोटो नीट बघा. ट्रक कुठलाही असो, मागच्या ट्रेलरवर पुष्कळदा मेन राज्याची प्लेट दिसते. मेन म्हणजे पार ईशान्य कोपऱ्यातलं छोटं राज्य. यातले बरेच ट्रेलर तिकडे कधी फिरकलेलेसुद्धा नसतात! मग ही भानगड काय?

ट्रेलरला इंजिन नसलं तरी नोंदणी स्वतंत्र लागते. कंपनीकडे ट्रॅक्टरपेक्षा (शेतातला नव्हे, पुढचं इंजिनवालं धूड) ट्रेलर जास्त असतात, कारण एक ट्रेलर माल भरायला सोडून ड्रायव्हर दुसरा जोडून निघतो. दरवर्षी नोंदणी करायची, तर नवा कागद हजार मैलांवरच्या गोदामात उभ्या 53 फुटी डब्यापर्यंत पोचवणार कोण? मेन राज्य बाहेरच्या कंपन्यांनाही 12 वर्षांची नोंदणी एकदम देतं आणि इतर राज्यं ती मानतात.

ब्रेक-टायरची तपासणी मात्र दर 12 महिन्यांनी करावीच लागते, तो केंद्राचा नियम आहे. हे मला पटतं. ब्रेक लायनिंग काही 12 वर्षं टिकत नाही.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात दोन्ही गोष्टी एकाच खुंटीला बांधल्यात. फिटनेस संपला की मालवाहू गाडीची नोंदणीही वैध धरत नाहीत. 2018 पासून 8 वर्षांपर्यंतच्या गाडीला 2 वर्षांचा फिटनेस मिळतो, पुढे दरवर्षी तो नव्याने काढावा लागतो.