झोपेत उपचार सांगणारे एडगर केसी

एडगर केसींबद्दल वाचायला बसलं की पुस्तक खाली ठेववत नाही! १८७७ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्म. शाळा अर्धवट सुटलेली, पोटापाण्याला फोटोग्राफी. १९०० मध्ये त्यांचा आवाज बसला, तो महिनोनमहिने सुटेना. पुढच्या वर्षी संमोहनात त्यांनी स्वतःच त्यावरचा उपाय सांगितला, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. मग हेच आयुष्य झालं. कोचावर आडवं होऊन डोळे मिटायचे आणि दूरगावच्या, न पाहिलेल्या रुग्णाबद्दल बोलायचं. जागे झाल्यावर त्यांना काहीच आठवत नसे.

माझ्या मते खरं ऋण केसींच्या सचिव ग्लॅडिस डेव्हिस यांचं. १९२३ पासून त्या लघुलिपीत हे बोलणं टिपत गेल्या, म्हणूनच १४ हजारांहून अधिक नोंदी आज व्हर्जिनिया बीचला जपलेल्या आहेत. त्यांत आहार आहे, मालिश आहे, एरंडेल तेलात भिजवलेल्या कापडाच्या घड्या आहेत. वैद्यकशास्त्राने ही पद्धत स्वीकारलेली नाही. आजारपणात डॉक्टरकडेच जा.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते वेगळंच. नेमाने बायबल वाचणारा हा ख्रिस्ती माणूस १९२३ पासून झोपेत पुनर्जन्म आणि कर्माबद्दल बोलू लागला, आणि जागेपणी त्याने तो विचार पचवायला बराच झगडा केला!