दोन जिल्ह्यांचं सहस्रकुंड

उमरखेडहून ढाणकी, बिटरगाव मागे टाकलं की कपाशीची शेतं संपतात आणि साग सुरू होतो. मुरली गावाजवळ पैनगंगेचा आवाज आधी येतो, नदी नंतर दिसते.

बुलढाणा जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी इथं काळ्या बेसाल्टवरून खाली घळीत कोसळते. पाणी एका धारेनं पडत नाही. खडकातल्या भेगा आणि सुळक्यांमधून फुटत, वाटा काढत उतरतं. परशुरामानं बाण मारला आणि प्रवाहाच्या हजार धारा झाल्या, अशी कथा सांगतात. पाणी ओसरल्यावर कातळ उघडा पडतो. शतकानुशतकं घासून तो इतका गुळगुळीत झालाय की उन्हात लोखंडासारखा चमकतो. धबधबा पाहून परतणाऱ्यांनी या दगडाजवळ जरा थांबायला हवं.

अलीकडचा काठ यवतमाळचा, पलीकडचा नांदेडचा. पंचमुखी महादेवाचं मंदिर पलीकडे, इस्लापूरच्या बाजूला. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचं रेल्वे स्थानकही आहे. साहजिकच गर्दी तिकडे. मुरलीच्या काठावर सोयी त्या मानानं कमी. धबधबा एकच असताना विदर्भाच्या वाट्याला उपेक्षा का यावी, हा इथल्या माणसांचा सवाल रास्तच आहे.

घळीच्या खालच्या अंगाला एक म्हातारे भोई फेकजाळं सांधत बसलेले असतात. पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून धरायचा, तुटलेल्या घरात सुई घालायची, गाठ दातांनी आवळायची; मग काठाला ओवलेले शिशाचे मणी एकेक चाचपायचे. नजर मात्र पाण्यावर. फेसात काडीकचरा वाढला, पाण्याचा रंग गढुळला, की ते जाळं गुंडाळतात.

ही सावधगिरी पर्यटकांनी शिकण्यासारखी आहे. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले, की इथं पावसाचा थेंब नसतानाही पात्र फुगतं. सेल्फीसाठी ओल्या कातळावर उतरलेल्यांना त्याची कल्पना नसते. दोन्ही काठांवर पक्के कठडे, वेळेवर वाजणारा भोंगा आणि सुट्टीच्या दिवशी पहाऱ्याला पोहणारे स्थानिक तरुण एवढी व्यवस्था तरी हवीच. नदीच्या अंगाखांद्यावर वाढलेले भोई इथं आहेत; त्यांनाच हे काम रोजगार म्हणून देता येईल.

जुलै ते ऑक्टोबर हा पाहण्याचा काळ. आसपास पैनगंगा अभयारण्य पसरलंय, त्यामुळे अंधार पडण्याआधी परतीला लागावं आणि डब्यातलं प्लास्टिक सोबत न्यावं.