सबटायटल व्हिडिओवर चिकटवू नका, सोबत ठेवा

माझ्या नानी मुंबईहून जहाजाने हजला गेल्या होत्या. जहाजाची ती सफर १९९५ नंतर बंदच झाली, त्यामुळे तो अनुभव सांगणारी माणसं आता घराघरांतून कमी होत चालली आहेत. नानींच्या अखेरच्या वर्षांत आम्ही मोबाईलवर त्यांची हकीकत रेकॉर्ड केली. चाळीस मिनिटं, अस्सल दखनी उर्दूत. घरातली निम्मी मुलं मराठी माध्यमात शिकतात, म्हणून एका दुकानातून खाली मराठी ओळी टाकून घेतल्या. व्हिडिओ छान झाला, सगळ्यांना पाठवला आणि जुनं मेमरी कार्ड मी स्वतःच फॉरमॅट करून टाकलं.

नंतर नीट बघितलं. नानी बोलताना त्यांच्या हातात तसबीह फिरत असते, ती नेमकी त्या काळ्या पट्टीखाली गेली आहे. आणि जिथे त्या तवाफबद्दल बोलतात तिथे खाली लिहिलंय ‘तुफान’. जहाजाची गोष्ट असल्यामुळे वाचणाऱ्याला ते खरंही वाटतं! आता ना पट्टी काढता येते, ना शब्द बदलता येतो.

अशी चूक आणखी कोणी करू नये म्हणून हे लिहितोय. कॉम्प्युटरचं फार ज्ञान लागत नाही.

सबटायटल दोन तऱ्हेची असतात. एक, चित्रातच छापलेली. याला ‘बर्न इन’ किंवा ‘हार्ड’ सबटायटल म्हणतात. ती चित्राचाच भाग होतात, भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीसारखी. दुसरी ‘सॉफ्ट’ सबटायटल. ती फाईलमध्ये वेगळी राहतात, हवी तेव्हा चालू, नको तेव्हा बंद.

हे समजायला जेवणाचा डबा डोळ्यासमोर आणा. एका पुड्यात भाजी, एकात पोळी, एकात भात. व्हिडिओ फाईलही अशीच असते: चित्र एका पुड्यात, आवाज दुसऱ्यात, सबटायटल तिसऱ्यात. एमपी४ आणि एमकेव्ही ही त्या डब्यांची नावं आहेत, आतल्या जेवणाची नव्हेत. एमकेव्ही म्हणजे मात्रोस्का. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून ते नाव आलं. दुकानदाराने आमचा भात भाजीत कालवून दिला, असं समजा.

सॉफ्ट सबटायटलची सगळ्यात सोपी जात म्हणजे एसआरटी फाईल. ती साधी मजकुराची फाईल आहे, नोटपॅडमध्येही उघडते. आधी ओळीचा क्रमांक, त्याखाली ओळ कधी दिसावी आणि कधी जावी ती वेळ, त्याखाली मजकूर, मग एक रिकामी ओळ. बस. ‘सबटायटल एडिट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं तर वेळ हाताने मोजावी लागत नाही. मात्र मराठी कीबोर्डवर काम करताना एक खबरदारी घ्या: क्रमांक आणि वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत. तिथे मराठी आकडे पडले की फाईल चालत नाही आणि कारण लवकर सापडत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. फाईल सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये ‘यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर मराठी आणि उर्दू अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चित्रविचित्र खुणा दिसतील.

आता कन्व्हर्ट करण्याबद्दल. आधी स्वतःला विचारा, कन्व्हर्ट करायची खरंच गरज आहे का? पुष्कळदा नसते. नुसतं सबटायटल जोडायचं असेल तर ‘एमकेव्हीटूलनिक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात व्हिडिओ टाकायचा, एसआरटी टाकायची, भाषा निवडायची आणि मल्टिप्लेक्सिंग सुरू करायचं. जेवण तेच राहतं, फक्त डबा बदलतो. म्हणून काम फार पटकन होतं आणि चित्राचा दर्जा जराही उतरत नाही.

फाईल खूप मोठी असेल किंवा जुन्या प्रकारातली असेल, तर मात्र चित्र नव्याने दाबून बसवावं लागतं. त्यासाठी ‘हँडब्रेक’ चांगलं. तेही मोफत आहे. २००३ पासून ते चालू आहे आणि त्याची १.० आवृत्ती आली २०१६ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी! घाई नसलेली माणसं दिसतात. त्यात व्हिडिओ उघडला की वर ‘सबटायटल्स’ असा टॅब दिसेल. तिथून तुमची एसआरटी इम्पोर्ट करा आणि भाषा निवडा. त्या ओळीत ‘बर्न इन’ची चौकट असते. सगळा खेळ त्या चौकटीचा आहे. तिथे टिक असेल तर काढा. शेजारची ‘डिफॉल्ट’ची टिक फक्त एवढंच सांगते की व्हिडिओ सुरू होताना हे सबटायटल आपोआप चालू असावं. ती ठेवली तरी बघणारा नंतर बंद करू शकतो. लोक या दोन टिकांमध्ये गल्लत करतात.

एकदम दोन तासांचा व्हिडिओ लावून झोपू नका. हँडब्रेकमध्ये ठरावीक सेकंदांपुरताच भाग निवडता येतो. आधी दोन मिनिटांचा तुकडा करा, व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडा आणि सबटायटल बंद करून पाहा. ओळी गेल्या तर काम बरोबर. गेल्या नाहीत तर ती टिक राहिली आहे.

डीव्हीडीवरच्या सबटायटलची गोष्ट वेगळी. ती अक्षरं नसतात, अक्षरांची छोटी छोटी चित्रं असतात. एमपी४च्या डब्यात ती नीट बसत नाहीत, मोजकेच प्लेयर ती दाखवतात. ब्लू-रेची तर एमपी४मध्ये बसतच नाहीत, छापलीच जातात. अशा वेळी डबा एमकेव्हीचा घ्या.

एकाच फाईलमध्ये दोन-तीन भाषांची सबटायटल राहू शकतात, आणि आपल्या घरांसाठी मला हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. कोंढव्यात किंवा कॅम्पात कुठल्याही घरी बघा. आजोबा उर्दू वाचतात, देवनागरी अडखळत. सून मराठी शाळेतली. मुलांना उर्दू समजते पण लिपी येत नाही. एखाद्या चाचांना ऐकू कमी येतं, त्यांना बोललेलं जसंच्या तसं लिहून हवं असतं. एक ओळ चित्रात छापली की यातला एकच खूश होतो. सॉफ्ट सबटायटल असेल तर ज्याने त्याने आपली भाषा निवडावी. उर्दू ओळी मात्र टीव्हीवर तपासून घ्या. त्या उजवीकडून डावीकडे जात असल्यामुळे काही प्लेयर वाक्याच्या शेवटची खूण भलत्याच टोकाला नेऊन ठेवतात, आणि पुष्कळ ठिकाणी नस्तालीकऐवजी नस्ख अक्षर दिसतं.

बयानाच्या व्हिडिओला मराठी ओळी देणाऱ्या तरुणांनी तर याचा जरूर विचार करावा. आयतीच्या किंवा हदीसच्या तर्जुम्यात एखादा शब्द चुकला आणि आलिमांनी तो दाखवून दिला, तर एसआरटीत तो मिनिटभरात दुरुस्त होतो. छापलेला असेल तर तीच चूक कायम फिरत राहते.

छापलेली सबटायटल नेहमीच वाईट असतात असं मात्र नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये कल्पना मांडली की टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी दाखवाव्यात, म्हणजे बघता बघता लोकांचं वाचन सुधारेल. तिथे ओळी सगळ्यांना दिसायलाच हव्यात, बंद करता येऊन उपयोग नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसचंही तसंच. वर्गात मात्र मला बंद होणारीच हवीत. आधी ओळींसकट दाखवतो, मग ओळी बंद करून विचारतो, काय म्हणाला सांगा. तेव्हा कळतं कोण ऐकत होतं आणि कोण नुसतं वाचत होतं.

फाईल पाठवताना सांभाळा. व्हॉट्सअॅपवर ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवली की ते तिला पुन्हा दाबतं आणि सबटायटलचा पुडा गळून पडतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. समोरच्याला व्हीएलसी घ्यायला सांगा, कारण फोनच्या गॅलरीत सबटायटल बहुधा दिसत नाही. टीव्हीवर पेनड्राईव्ह लावणार असाल तर एसआरटी फाईलला व्हिडिओचंच नाव द्या आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. बरेच टीव्ही ती आपणहून उचलतात.

नानींच्या धाकट्या बहिणीचं, आमच्या खालांचं रेकॉर्डिंग आम्ही मागच्या सुट्टीत केलं. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवली आहे, तिला कोणी हात लावायचा नाही असं ठरलंय. मराठी एसआरटी तयार आहे. उर्दूची माझी मुलगी करते आहे, आणि अडलेल्या शब्दासाठी रोज संध्याकाळी खालांना फोन लावते.