थेंबाथेंबाचा हिशेब

बालाघाटच्या डोंगररांगा बीड जिल्ह्यातून गेल्या आहेत. उन्हाळ्यात उघड्याबोडक्या दिसणाऱ्या या डोंगरउतारांवरील सीताफळांची झाडे पावसाळा सरता सरता फळांनी लगडून जातात. येथील सीताफळांची गोडी दूरवर प्रसिद्ध आहे. २०१६ साली ‘बीड सीताफळ’ या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हे फळ मोठे नाजूक. झाडावरून उतरविले की ते दोन-चार दिवसांत पिकते, आणि पिकले की टिकत नाही. म्हणून ते त्वरेने बाजारात पोहोचवावे लागते. धारूरहून केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड आणि अहिल्यानगर अशी गावे मागे टाकीत सुमारे तीनशे किलोमीटर गेले, म्हणजे पुण्याचा मोठा बाजार येतो.

एकदा मला सीताफळांनी भरलेल्या एका जुन्या डिझेल पिकअपमधून पुण्यास जाण्याचा योग आला. गाडी वीस वर्षांची होती. तिचा रंग उडाला होता, दारे खडखडत होती. मालक स्वतःच गाडी चालवीत होते. त्यांच्या बैठकीजवळ लाल पुठ्ठ्याची एक वही दोरीने बांधलेली मला दिसली. ती कसली, असे मी विचारले. ते हसून म्हणाले, “गुरुजी, वैद्य जशी माणसाची नाडी पाहतो, तशी मी या वहीत माझ्या गाडीची नाडी पाहतो.”

त्या वहीत प्रत्येक वेळी भरलेल्या डिझेलची आणि त्या वेळच्या किलोमीटरच्या आकड्याची नोंद होती. त्यांची रीत अगदी सोपी होती. प्रथम टाकी पूर्ण भरावयाची आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावयाचा. प्रवासानंतर टाकी पुन्हा तेवढीच पूर्ण भरावयाची. दुसऱ्या वेळी जितके डिझेल लागले, तितकेच मधल्या प्रवासात जळले, हे उघड आहे. समजा, पहिला आकडा ३८,४१२ होता आणि दुसरा ३८,७४८ झाला. म्हणजे गाडी ३३६ किलोमीटर धावली. टाकी भरण्यास २८ लिटर लागले, तर ३३६ भागिले २८, म्हणजे गाडीने लिटरला १२ किलोमीटर अंतर कापले. तेवढ्याच ओझ्याने त्याच वाटेवर पुढच्या खेपेस ३२ लिटर लागले, तर सरासरी साडेदहावर उतरली. मग समजावे की, कोठेतरी बिघाड आहे. हवेची गाळणी धुळीने कोंदली असेल, टायरांत हवा कमी असेल, किंवा ब्रेक चाकास घासत असेल. गाडी बंद पडण्यापूर्वीच ही वही तिचे दुखणे सांगते.

चार लिटरांचे ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु डिझेलचा दर लिटरला नव्वद रुपये धरला, तरी एका खेपेस ३६० रुपये वाया गेले. हंगामात अशा वीस खेपा झाल्या, तर ही रक्कम ७,२०० रुपयांवर जाते. ज्या शेतकऱ्याचे सारे वर्ष या हंगामावर अवलंबून असते, त्याच्या घरी एवढ्या रकमेत मुलांची वह्या-पुस्तके आणि कपडे सहज होतात.

डिझेल नेमके कोठे खर्च होते, हे कळण्यासाठी इंजिनाची ओळख करून घेतली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हा तुमचा अनुभव असेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हवा सुमारे विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंडली जाते. तेव्हा तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडताच तो ठिणगीवाचून पेट घेतो, आणि त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो. त्या काळची वाफेची इंजिने इंधनातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी आणीत. डिझेल यांच्या इंजिनाने एक चतुर्थांशाहून अधिक उष्णता कामी आणली. तरीही उरलेली बरीचशी उष्णता धुरावाटे आणि रेडिएटरवाटे निघून जाते. आजच्या इंजिनांतही उष्णतेचा मोठा हिस्सा असाच वाया जातो. म्हणून जी थोडी शक्ती हाती लागते, ती जपून वापरणे अगत्याचे आहे.

त्या शक्तीचा पहिला मोठा वाटेकरी म्हणजे वारा. गाडीस आपल्यापुढील हवा सतत बाजूस सारावी लागते, आणि वेग वाढला की हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेलो, तर वेग सव्वापटीहून थोडा अधिक होतो, पण वाऱ्याचा विरोध मात्र पावणेदोन पटींच्या वर जातो. दुसरा वाटेकरी ब्रेक. डिझेल जाळून मिळविलेला वेग ब्रेक दाबताच उष्णता होऊन नाहीसा होतो. म्हणून आमचे मालक पुढील वळण दुरूनच ओळखून आधीच ॲक्सिलरेटरवरील पाय काढून घेत.

घाट उतरताना काही चालक इंधन वाचविण्याच्या लोभाने गिअर काढून गाडी तशीच सोडून देतात. ही बचत नव्हे, संकटास आमंत्रण आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, तर उतारावर चाकेच इंजिन फिरवितात, आणि पंप डिझेल सोडणे जवळजवळ थांबवितो. इंजिनाच्या ओढीने गाडीचा वेगही आवरला जातो. गिअर काढला, तर इंजिन सुरू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते, आणि सारा भार ब्रेकवर पडून ते तापून निकामी होण्याची भीती असते.

जामखेडच्या पुढे एका पंपावर गाडी थांबली. टाकी अद्याप निम्मी भरलेली होती. इतक्या लवकर का थांबलात, असे मी विचारले, तेव्हा मालकांनी आपला एक अनुभव सांगितला. एके वर्षी ‘पुढच्या पंपावर भरू’ असे म्हणत ते पुढे पुढे जात राहिले, आणि मध्यरात्री दोन गावांच्या मध्येच टाकी रिकामी झाली. एका ट्रकचालकाने थोडे डिझेल दिले, तरी इंजिन सुरू होईना. कारण रिकाम्या नळ्यांत हवा शिरली होती. हवा दाबली जाते, त्यामुळे फवाऱ्यास लागणारा दाब निर्माण होत नाही. हातपंप मारून ती सर्व बाहेर काढावी लागते. हे त्या वेळी त्यांना ठाऊक नव्हते. सकाळी मिस्त्री आला, तोवर बाजाराची वेळ टळून गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत फळे मऊ पडली आणि निम्म्याहून कमी भावाने द्यावी लागली. “पाच मिनिटे वाचवायला गेलो, आणि शेजाऱ्यांचा माल घालविला,” असे सांगताना त्यांचा स्वर खाली आला.

पंपावर त्यांनी इंजिन बंद केले, यंत्रावरील आकडा शून्यावर आल्याची खात्री केली, आणि मगच टाकी भरू दिली. मापाविषयी शंका आल्यास पंपावरील पाच लिटरच्या प्रमाणित मापाने ते तपासून मागण्याचा प्रत्येक ग्राहकास हक्क आहे. पहाटेच्या गारव्यात डिझेल भरले तर ते अधिक मिळते, अशी समजूत आहे. परंतु पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. तेथे दिवसरात्रीचे तापमान फारसे बदलत नाही, म्हणून पहाटेचा लाभ नाममात्रच होय.

हा प्रश्न एका गाडीपुरता नाही. आपल्या देशास लागणाऱ्या दर शंभर भाग खनिज तेलापैकी पंचाऐंशीहून अधिक भाग परदेशांतून आणावे लागतात. १९७३ साली जगात तेलाचे दर अल्पावधीत सुमारे चौपट झाले, तेव्हा अनेक देशांची मोठी ओढाताण झाली. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. तथापि आपली गरज त्याहून कितीतरी वेगाने वाढली. शिवाय, एक लिटर डिझेल जळले की हवेत अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड मिसळतो. लिटरभर डिझेलचे वजन एक किलोदेखील नसते, मग एवढा वायू येतो कोठून? डिझेलमधील कार्बन जळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो, म्हणून हे वजन वाढते.

पहाटे आम्ही पुण्यास पोहोचलो. फळे उतरविण्यापूर्वी मालकांनी दिव्याच्या उजेडात वही उघडली, आकडा लिहिला आणि ती पुन्हा दोरीने बांधली. मुलांनो, तुमच्या घरी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर असेल, तर अशी एक वही आजच घाला. त्यासाठी भागाकार तेवढा यावा लागतो, आणि तो तुम्हांस येतोच. जो मोजतो, त्यासच उधळपट्टी दिसते. आणि ज्यास ती दिसते, तोच ती थांबवू शकतो.