सुरी व विळीला धार लावणे

सुरी, विळी, कात्री यांसारख्या घरगुती अवजारांच्या पात्याची बोथट झालेली कड घासून पुन्हा तीक्ष्ण करण्याच्या क्रियेस धार लावणे असे म्हणतात. ‘लावणे’ या क्रियापदामुळे पात्यावर काही तरी चढवले जाते असा भास होतो. प्रत्यक्षात पात्यावरून धातू काढून टाकला जातो आणि दर वेळी पाते किंचित झिजते. त्यामुळे कमीत कमी धातू घालवून कड पूर्ववत करणे हे या कामातील खरे कौशल्य होय.

शब्द

धार लावण्याच्या दगडाला मराठीत ‘निसणा’ असा जुना शब्द आहे. चंदन उगाळण्याच्या दगडाला आपण ‘सहाण’ म्हणतो. हा शब्द संस्कृत ‘शाण’ शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ धार लावण्याचा दगड असाच आहे. शस्त्राला धार देणे या अर्थी ‘पाजळणे’ हे क्रियापद जुन्या गद्यात आढळते. शस्त्रांना धार व झिलई देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना ‘शिकलगार’ म्हणत. हा शब्द अरबी-फारसीतील ‘सैकल’ म्हणजे झिलई या शब्दावरून आला असून महाराष्ट्रात तो आडनाव म्हणूनही रूढ आहे.

धार म्हणजे काय आणि ती का जाते

पात्याच्या दोन तिरप्या बाजू जेथे एकमेकींना मिळतात ती रेषा म्हणजे धार. भूमितीतील रेषेला जाडी नसते. पोलादाच्या कडेला मात्र ती असतेच. चांगली धार लावलेल्या सुरीच्या कडेची जाडी सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी असते. ही कड दोन प्रकारे बिघडते. एक तर ती एका बाजूला वळते, किंवा झिजून गोल होते. पहिल्या प्रकारात धातू जागेवरच असतो, केवळ सरळ करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजू घासून नवी रेषा निर्माण करावी लागते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे घरोघरी सुऱ्या विनाकारण झिजवल्या जातात.

पाते बोथट झाले आहे का हे पाहण्यासाठी त्याची कड वर करून दिव्याखाली धरावी. तीक्ष्ण कडेवरून प्रकाश परावर्तित होत नाही. जेथे बारीक चकाकणारी रेघ दिसते तेथे कड गोल झालेली असते.

सुरीची धार भाजीपेक्षा भाजीखालच्या पृष्ठभागामुळे अधिक लवकर जाते. ग्रॅनाइटचा ओटा, काचेचा फळा किंवा स्टीलचे ताट यांवर चिरल्यास प्रत्येक घाव त्या कठीण पृष्ठभागावर बसतो. लाकडी फळीवर तसे होत नाही. विळीला हा धोका जवळजवळ नाही. तिचे पाते स्थिर असते, भाजी हाताने त्यावर आणली जाते आणि कड कशावरही आपटत नाही. साध्या लोखंडाच्या विळीचे मोठे शत्रू म्हणजे ओल आणि आंबट पदार्थ. कैरी किंवा कच्चे केळे चिरल्यावर पाते काळे पडते, तेव्हा लोखंडाची रासायनिक प्रक्रिया झालेली असते. काम होताच पाते धुऊन कोरडे केल्यास धार बरीच टिकते.

साधने

दगडाचे कण पोलादापेक्षा कठीण असतील तरच तो पोलाद घासू शकतो. मोस मापनश्रेणीवर क्वार्ट्‌झची कठिनता 7, कुरुंदाची 9 आणि हिऱ्याची 10 आहे. कुरुंद हे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असून इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे नाव तमिळमधील ‘कुरुंदम’ शब्दावरून गेले आहे. भारतात कुरुंदाची भुकटी लाखेत मिसळून धारेची चाके बनवण्याची जुनी पद्धत होती. 1891 साली अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचिसन यांना कृत्रिम हिरा तयार करण्याच्या प्रयत्नात सिलिकॉन कार्बाइड मिळाले. ‘कार्बोरंडम’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करड्या-काळ्या रंगाचा दुहेरी दगड बहुधा याच पदार्थाचा असतो.

दगडावरील क्रमांक कणांची सूक्ष्मता दाखवतो. क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. 200 ते 400 क्रमांकाचा दगड खांडे पडलेल्या पात्यासाठी, 800 ते 1200 चा नेहमीच्या धारेसाठी आणि 3000 च्या पुढचा अखेरच्या सफाईसाठी वापरतात. स्वयंपाकघरापुरता 1000 च्या आसपासचा एक दगड पुरेसा होतो. काही दगड पाण्यासह, तर काही पातळ मशीन ऑइलसह वापरतात. खाद्यतेल वापरू नये. ते चिकट होऊन दगडाची छिद्रे बुजवते.

दगड घरात नसल्यास चिनी मातीच्या कपाच्या किंवा बरणीच्या तळाचे झिलई नसलेले खरखरीत कडे उपयोगी पडते. ही केवळ आजीबाईची युक्ती नव्हे, कारण भाजलेली चिनी माती पोलादापेक्षा कठीण असते. काळ्या दगडाच्या पायरीवर विळी घासण्याची रीतही सर्वत्र होती. मात्र आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट; त्यातील खनिजांची कठिनता सुमारे 5 ते 6 असल्याने मऊ लोखंडावर तो थोडेफार काम करतो, आजच्या कठीण सुऱ्यांवर त्याचा फारसा उपयोग नाही.

मटणाच्या दुकानात सुरी ज्या पोलादी सळईवर फिरवली जाते ती सळई मुख्यतः वळलेली कड सरळ करते. गोल झालेल्या कडेला तिने नवी धार येत नाही. खाचेतून सुरी ओढण्याची छोटी उपकरणे सोपी असली, तरी त्यांतील कार्बाइडच्या पट्ट्या धातू ओरबाडून काढतात. चांगल्या सुरीसाठी ती टाळावीत.

कोन

पाते दगडावर कोणत्या कोनात धरले आहे यापेक्षा तो कोन अखेरपर्यंत तसाच राहतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते. कोन बदलत राहिल्यास कड पुन्हा गोल होते आणि श्रम वाया जातात. स्वयंपाकाच्या सुरीसाठी प्रत्येक बाजूस 15 ते 20 अंश योग्य. कोनमापकाची गरज नाही. पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश उंचीवर धरल्यास सुमारे साडेएकोणीस अंशांचा, तर एक-चतुर्थांश उंचीवर धरल्यास सुमारे साडेचौदा अंशांचा कोन होतो. म्हणजे तीन सेंटिमीटर रुंद सुरीची पाठ एक सेंटिमीटर उचलावी. दहावीच्या त्रिकोणमितीतील ‘साइन’ येथे कामास येते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे. कोन लहान केल्यास धार तीक्ष्ण होते, पण लवकर मोडते. म्हणून नारळ फोडण्याच्या कोयत्याला सुरीपेक्षा मोठा कोन ठेवतात.

दगडावर धार लावण्याची पद्धत

पाण्याचा दगड सच्छिद्र असल्यास बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा व नंतर ओल्या फडक्यावर न हलेल असा बसवावा. पाते ठरलेल्या कोनात धरून मुठीपासून टोकापर्यंत सर्व भाग दगडावरून हलक्या दाबाने फिरवावा. दगडावर साचणारा करडा चिखल लगेच धुऊ नये. त्यातील सुटे कणही घासण्याचे काम करतात.

किती घासावे, हा नवशिक्याचा नेहमीचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर घासण्याच्या संख्येत नसून कडेवर असते. एक बाजू कडेपर्यंत घासली गेली की धातूची अतिसूक्ष्म कोर विरुद्ध बाजूला उलटते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. विरुद्ध बाजूवर बोट पाठीकडून कडेकडे, धारेला आडवे आणि अलगद आणल्यास ती खरखरीत लागते. बोट धारेच्या दिशेने कधीही फिरवू नये. ही कोर संपूर्ण लांबीवर लागेपर्यंत बाजू बदलू नये. नंतर दुसरी बाजू तशीच घासावी.

शेवटी ही कोर काढून टाकणे आवश्यक असते. ती राहिल्यास सुरी पहिल्या दिवशी अतिशय तीक्ष्ण वाटते आणि दोन दिवसांत बोथट होते. दाब कमी करत दोन्ही बाजू आळीपाळीने दगडावर फिरवाव्यात. मग जुन्या चामडी पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे. न्हावी वस्तरा चामड्यावर फिरवत तो याचसाठी. पिकलेल्या टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली की काम झाले. दगड वापरून मध्यभागी खोलगट झाल्यास सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून सपाट करावा.

विळी, कात्री आणि इतर

विळीचे पाते पाटाला जोडलेले असल्याने येथे पाते स्थिर ठेवून दगड फिरवावा लागतो. विळी आडवी करून पाते लाकडी ठोकळ्यावर टेकवावे आणि दगडाचा लहान तुकडा कडेला समांतर, छोट्या वर्तुळांत फिरवावा. बोटे दगडाच्या कडेबाहेर येऊ देऊ नयेत. दगड पाठीकडून धारेकडे जोराने ढकलणे धोक्याचे आहे. पात्याच्या टोकाशी असलेल्या खवणीच्या दात्यांना दगड लावण्याचे कारण नाही.

कात्रीची आतली सपाट बाजू घासू नये. ती घासल्यास दोन पाती एकमेकांना नीट भिडत नाहीत. फक्त बाहेरची तिरपी कड तिच्या मूळ कोनात घासावी. दातेरी सुरीला बारीक गोल सळईने एकेका खाचेत धार द्यावी लागते. सिरॅमिकच्या पात्यावर हिऱ्याच्या कणांचे साधनच चालते.

फिरते धारवाले

सायकलीवर किंवा पायाने फिरवायच्या चौकटीवर चाक बसवून दारोदार धार लावून देणारे कारागीर शहरांत अजून दिसतात. अनुभवी कारागिराचा हात घरच्या प्रयोगापेक्षा निश्चितच चांगला असतो. कोरड्या वेगवान चाकाचा धोका मात्र उष्णतेचा आहे. ठिणग्या उडताना पातळ कड क्षणात तापते. कार्बन पोलाद सुमारे 220 अंश सेल्सिअसच्या पुढे फिकट पिवळे आणि 300 च्या आसपास निळे होते. कडेवर निळा डाग दिसल्यास तेथील पोलाद मऊ पडलेले असते आणि तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तेथे धार टिकत नाही. म्हणून पाते दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवण्यास सांगावे; जाणकार कारागीर चाकाजवळ पाण्याचा डबा ठेवतोच.