घरी एकटे राहणारे पिल्लू

तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या ढोकीसारख्या गावात घरातील सर्वजण कामावर गेले की कुत्र्याचे पिल्लू दिवसभर एकटे राहते. परंतु २-३ महिन्यांच्या पिल्लाला लघवी साधारणतः ३ तासांपलीकडे रोखता येत नाही, म्हणून दुपारी एखाद्या शेजाऱ्याने त्याला बाहेर नेणे आवश्यक ठरते. विरहभय, म्हणजे माणूस दिसेनासा होताच केकाटणे व दारे कुरतडणे, टाळायचे असेल तर एकांताची सवय काही मिनिटांपासून हळूहळू वाढवत न्यावी. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला पत्र्याच्या खोलीत कोंडणे जीवघेणे होय. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात मालकाने हयगय करणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.