हळद, मशेरी आणि परळचे उंदीर

हळदीने कॅन्सर टळतो असं छातीठोकपणे सांगणारे गिरगावापासून लालबागपर्यंत घरोघरी भेटतात. हे तपासायचं कसं, असा प्रश्न मात्र त्यांना सहसा पडत नाही. तो पडला परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. ही संस्था टाटा मेमोरियल सेंटरचाच भाग. पुढे ती खारघरला गेली. परळला असताना तिथे डॉ. सुमती भिडे आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात तंबाखूतली विषं शोधत होते. विष कसं मोजायचं हे हाताशी होतं, तेव्हा त्याच मोजपट्टीवर हळद आणि विड्याचं पानही तपासता येणार होतं.

पहिली पायरी जिवाणूंची. अमेरिकेतल्या ब्रूस एम्स यांनी बेतलेल्या चाचणीत साल्मोनेलाचे असे जिवाणू घेतात, ज्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही. हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या बशीत ते वाढत नाहीत. पण एखाद्याच्या जनुकात योग्य जागी बदल झाला, की तो पुन्हा हिस्टिडिन बनवू लागतो आणि बशीत त्याची ठिपक्याएवढी वसाहत उगवते. बशीत विडीच्या धुराचा अर्क घाला, ठिपके वाढतील. जितके ठिपके जास्त, तितका तो पदार्थ जनुकं बिघडवणारा. आता त्याच अर्काबरोबर हळदीतलं पिवळं द्रव्य, म्हणजे करक्युमिन घाला आणि ठिपके पुन्हा मोजा.

इथे एक फसगत होऊ शकते. करक्युमिनच्या माऱ्याने जिवाणूच मेले, तरी ठिपके कमी दिसतील आणि आपण उगाच टाळ्या वाजवू. म्हणून जिवाणू जिवंत आहेत ना, हे वेगळं पाहावं लागतं.

परळच्या गटाने १९८७ मध्ये विडी आणि सिगारेटच्या धुराचे अर्क, तंबाखू आणि मशेरी यांच्याविरुद्ध करक्युमिन लावून पाहिलं. ठिपके कमी झाले, आणि मात्रा वाढवावी तसे आणखी कमी झाले. मशेरी या यादीत असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. गिरणगावातल्या कितीतरी बायांचा दिवस भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड दातांना लावून सुरू व्हायचा, आणि परदेशातल्या प्रयोगशाळेला ती तपासायचं सुचलंही नसतं. या प्रयोगातली खरी मेख मात्र पुढे आहे. धुरातली बरीचशी रसायनं मुळात निरुपद्रवी असतात. यकृतातली विकरं त्यांच्यावर प्रक्रिया करतात, तेव्हा ती घातक होतात. म्हणून बशीत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात. करक्युमिनचा परिणाम दिसला तो असा अर्क लागणाऱ्या रसायनांवर. थेट घाव घालणाऱ्या रसायनापुढे त्याचं काही चाललं नाही. यावरून अंदाज असा, की करक्युमिन विष मारत नाही, विष तयार होण्याच्या वाटेत आडवं येतं.

विड्याच्या पानातही हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल नावाचं असंच एक द्रव्य याच गटाला सापडलं. पण म्हणून कोणी तंबाखूचं पान निर्धास्त खाऊ नये. त्यातली सुपारी आणि तंबाखू, दोन्ही कॅन्सरकारक आहेत.

दुसरी पायरी उंदरांची. बेन्झोपायरीन हे धुरातलं रसायन शेंगदाणा तेलात विरघळवून नळीने पोटात देतात. त्याने उंदराच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात गाठी येतात. एका गटाला साधं खाद्य, दुसऱ्याला हळद मिसळलेलं. तिसऱ्या गटाला नुसतं तेल पाजतात, कारण तेलाचाच काही परिणाम असेल तर तो बेन्झोपायरीनच्या नावावर जमा व्हायला नको. शेवटी गाठी मोजतात. भिडे आणि त्यांचे सहकारी अझुइने यांच्या १९९२च्या प्रयोगात खाद्यात २ आणि ५ टक्के हळद होती, आणि गाठी कमी झाल्या.

आता हिशेब करा. माणूस दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न खातो असं धरलं, तर २ टक्के म्हणजे १० ग्रॅम हळद, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आमटीला चिमूटभर घालणाऱ्या घराने हा आकडा जरूर पाहावा. शिवाय उंदराच्या जठरातला तो पुढचा कप्पा माणसाला नसतोच.

तिसरी पायरी माणसांची, आणि इथे चाल मंदावते. कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर थांबणार कोण? म्हणून आधीची एखादी खूण मोजतात. सुपारीने ज्यांचं तोंड उघडेनासं झालं आहे अशा रुग्णांवर हळदीचा अर्क, हळदीचं तेल आणि ओलिओरेझिन (तेल आणि राळ असलेला दाट अर्क) वापरून केलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही भिडे होत्या. हळदीचं तेल ही वेगळीच चीज आहे. ते सुगंधी, उडून जाणारं, आणि करक्युमिनपेक्षा निराळ्या द्रव्यांचं असतं. अभ्यासात पेशींमधली सूक्ष्मकेंद्रकं मोजली. पेशी विभागताना गुणसूत्रांचे तुकडे मागे राहिले, की त्यांचे हे ठिपके दिसतात. उपचाराने ते घटले. पण ठिपके घटणं आणि कॅन्सर टळणं यांत बरंच अंतर आहे.

ते किती, हे फिनलंडमध्ये कळलं. गाजरातलं बीटा-कॅरोटिन प्रयोगशाळेत आणि आहाराच्या पाहण्यांत गुणी ठरलं होतं. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हळदीची एवढी मोठी चाचणी झालेली नाही.

करक्युमिन रक्तात फारच कमी उतरतं, ही आणखी एक अडचण. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये त्याला मिरीतल्या पायपरिनची जोड दिली, तेव्हा ते कितीतरी पटींनी जास्त उतरलं. बाजारातल्या अनेक कॅप्सूलमध्ये मिरी असते ती यासाठी. पण औषधांचा निचरा करणाऱ्या काही विकरांनाही पायपरिन अडवतं, आणि हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमोथेरपी चालू असताना अशी कॅप्सूल घेत असाल, तर ती डॉक्टरांना बाटलीसकट दाखवा.